वाचकांचे प्रश्न : वडिलांच्या गाडीत कोणते जीपीएस यंत्र बसवावे?

या वेळच्या टपालात गाडीतल्या जीपीएस यंत्रांविषयीची चार पत्रे आहेत. गंमत म्हणजे चौघांपैकी एकालाही यंत्र स्वतःसाठी नको आहे. प्रत्येकाने ते घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी दिले आहे किंवा द्यायचे ठरवले आहे, आणि निवडीतली निम्मी अडचण तिथेच आहे. पहिल्या पत्राला विस्ताराने उत्तर दिले आहे, बाकीच्यांना थोडक्यात.

प्रश्न : माझे वडील ७१ वर्षांचे आहेत. गेली ४० वर्षे ते गाडी चालवत आहेत आणि त्यांचा हात आजही पक्का आहे. मात्र आई शेजारी नसली की अनोळखी रस्त्यावर त्यांचा गोंधळ होतो, आणि थांबून कोणाला विचारणे त्यांच्या स्वभावात नाही. त्यांच्याकडे स्मार्टफोन आहे, पण गाडी चालवताना ते त्याला हात लावत नाहीत. आम्ही तिघा भावंडांनी मिळून त्यांना वेगळे जीपीएस यंत्र द्यायचे ठरवले आहे. धाकट्या भावाचे म्हणणे असे की, हातात फोन असताना हा खर्च वाया जाईल. यंत्र घ्यावे का, घ्यायचे तर पडदा किती मोठा असावा, आणि त्यातले नकाशे जुने होतात त्याचे काय करावे, हे कृपया कळवावे.
— एक वाचक भगिनी

उत्तर : आधी धाकट्या भावाच्या आक्षेपाबद्दल, कारण तो रास्त आहे. फोनवरचे नकाशे आपोआप ताजे होत राहतात, आणि पुढे वाहतुकीची कोंडी आहे की नाही हेही फोनला अधिक चांगले कळते, कारण त्याच रस्त्यावरून चाललेल्या इतर फोनांच्या वेगावरून ती ओळखली जाते. आपले वडील फोन सराईतपणे वापरणारे असते, तर वेगळे यंत्र घेऊ नका असेच मी लिहिले असते. त्यांच्या गाडीला अँड्रॉइड ऑटो किंवा अ‍ॅपल कारप्ले (फोनवरचा नकाशा गाडीच्या पडद्यावर दाखवणाऱ्या सोयी) चालणारा पडदा आहे की नाही, याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही. असल्यास निघण्यापूर्वी कोणीतरी फोन जोडून ठिकाण भरून द्यावे आणि आठवडाभर तोच प्रयोग करून पाहावा, कारण मग गाडी चालवताना फोन हातात घेण्याची वेळच येत नाही.

असा पडदा नसल्यास मात्र माझे मत आपल्या बाजूने आहे. फोन हे दहा कामे करणारे उपकरण आहे. नेमके वळण जवळ आले की कोणाचा तरी फोन येतो, त्याचे नाव पडद्यावर झळकते आणि नकाशा त्यामागे दडतो. उन्हात डॅशबोर्डवर ठेवलेला फोन तापला की त्याचा पडदा मंद होतो. आणि जिथे नेटवर्क जाते तिथे, नकाशा आधी उतरवून ठेवलेला नसेल तर, करड्या रंगाच्या रिकाम्या चौकटीत एक निळा ठिपका तेवढा उरतो. शिवाय गाडी चालवताना फोनला हात न लावण्याची जी सवय वडिलांनी स्वतःहून लावून घेतली आहे, ती आपण भेटवस्तूच्या निमित्ताने मोडू नये.

उपग्रहाकडून नकाशा येतो, अशी अनेकांची समजूत असते. तसे नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात आणि स्वतःची जागा व अचूक वेळ एवढेच सांगत राहतात. किमान चार उपग्रहांचे संदेश कधी निघाले आणि कधी पोचले यावरून आपण कुठे आहोत हे यंत्र स्वतःच काढते. त्यासाठी इंटरनेट लागत नाही आणि कोणाला शुल्कही द्यावे लागत नाही. नागरी वापराच्या संदेशात अमेरिका पूर्वी मुद्दाम चूक मिसळत असे; २ मे २००० पासून ती बंद झाली आणि तेव्हापासून साध्या यंत्रालाही मोकळ्या आकाशाखाली आपली जागा काही मीटरच्या फरकाने सापडते. नवी यंत्रे रशियाच्या ग्लोनास किंवा युरोपच्या गॅलिलिओ उपग्रहांचे संदेशही घेतात आणि उंच इमारतींच्या दाटीत त्याचा उपयोग होतो. तरीही खोक्यावरची ही नावे मोजून निवड करू नये. मोकळ्या रस्त्यावर जागा सगळ्यांनाच जवळजवळ सारखी कळते. नकाशा मात्र यंत्राच्या पोटात साठवलेला असतो, आणि जुना होतो तो हाच नकाशा.

यंत्रे पाहायला जाण्यापूर्वी एक काम करावे. वडिलांच्या शेजारच्या आसनावर बसून तासाभराचा प्रवास करावा आणि रस्त्याऐवजी त्यांच्याकडे पाहावे. डॅशबोर्डवरचे घड्याळ बघताना ते मान वर करतात का? बोलणे ऐकू येण्यासाठी रेडिओ बंद करतात का? वळण घेण्याआधी किती अंतरापासून त्यांना तयारी लागते? या तासाभरात जे कळेल ते कुठल्याही माहितीपत्रकात छापलेले नसते.

मान वर करण्याची गोष्ट विशेष महत्त्वाची आहे. गाडीतले यंत्र डोळ्यांपासून साधारण हातभर अंतरावर असते, म्हणजे वाचनाच्या अंतराहून दूर आणि रस्त्याहून खूपच जवळ. दुहेरी भिंगांचा चष्मा लावणाऱ्या माणसाला हेच अंतर अडचणीचे जाते; वरच्या भिंगातून अक्षर धूसर दिसते आणि खालच्या भिंगातून पाहायचे तर हनुवटी उचलावी लागते. ताशी ९० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात २५ मीटर पुढे जाते. अक्षर लावण्यात दोन सेकंद गेले तर ५० मीटर अंतर न पाहता कापले जाते. म्हणून वडिलांसाठी पाच इंचांचा पडदा मी सुचवणार नाही. सहा किंवा सात इंचांचा घ्यावा. मात्र इंच मोजून थांबू नये. काही मोठ्या पडद्यांवर कोपऱ्याकोपऱ्यात वेग, वेळ, उंची, जवळची उपाहारगृहे अशी इतकी गर्दी असते की, ज्यासाठी यंत्र घेतले तो वळणाचा बाण अंगठ्याच्या नखाएवढा उरतो. दुकानात यंत्र हातभर अंतरावर धरून, वडिलांना त्यांच्या गाडीच्या चष्म्यातून बाण आणि पुढच्या वळणाचे अंतर एवढ्या दोनच गोष्टी वाचायला सांगाव्यात. न अडखळता वाचता आल्या तर पडदा पुरेसा मोठा आहे. भेट गुपचूप द्यायची हौस असेल तर ती या बाबतीत बाजूला ठेवावी.

खरे तर पडद्याकडे जितके कमी पाहावे लागेल तितके बरे, आणि ते आवाजावर अवलंबून असते. स्वस्त यंत्रांत ठरावीक वाक्ये ध्वनिमुद्रित केलेली असतात. ती ‘दोनशे मीटरवर उजवीकडे वळा’ एवढेच सांगतात. अधिक चांगली यंत्रे लिहिलेला मजकूर वाचून दाखवतात, त्यामुळे ती रस्त्याचे नावही उच्चारतात. नावांचे उच्चार कधी कधी असे होतात की त्या रस्त्यावर जन्म काढलेल्यालाही ते ओळखू येऊ नयेत, तरी पाटीवरचे नाव आणि कानावर पडलेले नाव जुळले की चालकाला धीर येतो. वयाबरोबर आधी उंच पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, म्हणून यंत्रात एकाहून अधिक आवाज असतील तर खालच्या पट्टीतला निवडावा. भाषेच्या बाबतीतही अभिमान मध्ये आणू नये. जी भाषा ऐकताच वडिलांचा हात योग्य बाजूला वळतो, तीच भाषा यंत्रात लावावी. आवाजाची चाचणी दुकानाच्या शांततेत न करता, शक्य असेल तर चालू गाडीत, खिडकी थोडी उघडी ठेवून करावी.

बोटांचा विचार फारसा कोणी करत नाही. फोनसारख्या पडद्याला बोटाचा नुसता स्पर्श पुरतो, पण वय झालेल्या कोरड्या बोटांची तो कधी कधी दखलच घेत नाही, आणि मग माणूस चिडून तेच बटण चार वेळा दाबतो. जुन्या धाटणीचे, दाबाने चालणारे पडदे दिसायला मंद असतात, पण ते नखानेही चालतात आणि हातमोज्यानेही. यातला चांगला-वाईट प्रकार मी ठरवणार नाही. वडिलांच्या बोटाला जो ऐकतो तो घ्यावा.

यंत्र कुठे आणि कसे बसवायचे हे त्याच्या किमतीपेक्षा महत्त्वाचे आहे, हे मी अनुभवाने सांगू शकतो. माझ्या सासऱ्यांना आम्ही दिलेले पहिले यंत्र रबरी कपाने समोरच्या काचेला चिकटवले होते. भर दुपारी काच तापली, कपाची पकड सुटली आणि यंत्र वायरीसकट घरंगळत त्यांच्या पायांपाशी, ब्रेकच्या पेडलच्या अगदी शेजारी जाऊन पडले. ते शांत स्वभावाचे आहेत. त्यांनी गाडी कडेला घेतली, यंत्र उचलून समोरच्या कप्प्यात टाकले आणि त्याविषयी एक शब्दही काढला नाही. पुढची दोन वर्षे ते तिथेच होते. काचेला चिकटवायचेच असेल तर काच आधी स्पिरिटने पुसून कोरडी करावी, गाडी सावलीत थंड असताना कप दाबावा आणि रबर कडक झाले की तो बदलावा. मला स्वतःला डॅशबोर्डवर वजनाने बसणारे, खालून खरखरीत असलेले आसन अधिक भरवशाचे वाटते. ते एअरबॅगच्या झाकणावर येऊ नये आणि रस्ता झाकला जाईल इतके उंचही नसावे. समोरच्या काचेवर काय लावता येते याबाबत काही देशांत कायद्याची बंधने आहेत, तेही तपासावे. यंत्राची स्वतःची बॅटरी तासाभराच्या आसपासच टिकते, त्यामुळे वायर कायम लागणार हे गृहीत धरून ती गिअरच्या दांड्यापासून दूर, कडेकडेने नेऊन पट्टीने चिकटवून टाकावी.

आता नकाशांविषयी. ‘आजीवन मोफत नकाशे’ या शब्दांतले जीवन मालकाचे नसते, यंत्राचे असते. म्हणजे कंपनी त्या यंत्राला जोवर पाठबळ देते तोवर नवे नकाशे मिळतात. तरीही ही सोय असलेलेच यंत्र घ्यावे. नकाशा काही गीगाबाइटचा असतो आणि उतरवायला तासन्‌तास लागू शकतात. काही यंत्रांना त्यासाठी संगणकाशी जोडावे लागते, काही वाय-फायवरून थेट उतरवून घेतात. दुसरा प्रकार निवडावा. मेमरी कार्डाची खाच आहे ना, हेही पाहावे, कारण नकाशे दरवर्षी वाढत जातात आणि यंत्राची जागा तेवढीच राहते. वर्षातून दोनदा हे काम वडील स्वतः करतील, अशी आशा ठेवू नये. ज्या भावाचा या खर्चाला विरोध आहे त्याच्याकडेच ते सोपवावे. त्याला यातले कळते हे त्याच्या आक्षेपावरूनच दिसते.

यंत्र हाती देण्यापूर्वी आपण तिघांनी एक संध्याकाळ त्यासाठी काढावी. पत्ता भरणे हे या यंत्रांतले सर्वांत किचकट काम असते आणि बहुतेक यंत्रे तिथेच कंटाळून टाकून दिली जातात. वडील जिथे जातात अशी पंधरा-वीस ठिकाणे आधीच साठवून ठेवावीत आणि त्यांना नावे द्यावीत ती वडिलांच्या तोंडची : ‘मोठी आत्या’, ‘डोळ्यांचे डॉक्टर’, ‘जुना वाडा’. ‘घर’ या नावाखाली मात्र नेमका पत्ता भरू नये, शेजारचा चौक भरावा; गाडी फोडून यंत्र नेणाऱ्याला घरी कोणी नाही आणि घर कुठे आहे हे एकदमच कळायला नको. मार्गाच्या पर्यायांत ‘सर्वांत जवळचा’ बंद करून ‘सर्वांत जलद’ लावावा, कारण दोन किलोमीटर वाचवण्यासाठी यंत्र माणसाला बोळाबोळांतून हिंडवते. कच्चे रस्ते टाळण्याचा पर्याय असल्यास तोही लावून द्यावा. इमारतींची उठावदार चित्रे, बोलून हुकूम देण्याची सोय, यंत्रातून फोन घेण्याची सोय, यांवर पैसे खर्च करू नयेत. मोठ्या चौकात कोणत्या मार्गिकेत राहायचे हे दाखवणारे चित्र मात्र खरोखर उपयोगी पडते, त्यासाठी थोडे अधिक मोजावेत.

पहिल्या तीन-चार खेपा त्यांना पाठ असलेल्या रस्त्यावरच यंत्र लावून जाऊ द्यावे. रस्ता त्यांच्या माहितीचा असला की ते यंत्राची परीक्षा घेतील, यंत्र त्यांची घेणार नाही. त्यातल्या एखाद्या खेपेत मुद्दाम चुकीचे वळण घ्यायला सांगावे, म्हणजे यंत्र रागवत नाही, काही सेकंदांत नवा मार्ग काढते, हे त्यांना दिसेल. थांबून विचारायला संकोचणाऱ्या माणसाला ही गोष्ट एकदा दिसली की यंत्र पटते.

प्रश्न : काकांनी त्यांचे बरेच जुने जीपीएस यंत्र माझ्या मुलाला त्याच्या पहिल्या गाडीसाठी दिले आहे. जागा ते बरोबर दाखवते, पण तारीख जवळजवळ २० वर्षे मागची दाखवते आणि पोचण्याची वेळही चुकते. ते वापरू द्यावे का?

उत्तर : तारीख नेमकी १९ वर्षे आणि साडेसात महिने मागची असेल, तर यंत्र बिघडलेले नाही. जीपीएसचे उपग्रह आठवडे मोजून दिवस सांगतात. मोजणी ६ जानेवारी १९८० पासून सुरू झाली आणि मूळ संदेशात आठवड्याच्या आकड्याला जागा इतकी थोडी ठेवली होती की १०२३ नंतर तो पुन्हा शून्यावर येतो. १९९९ च्या ऑगस्टमध्ये असे पहिल्यांदा झाले, ६ एप्रिल २०१९ च्या रात्री दुसऱ्यांदा झाले आणि २०३८ मध्ये पुन्हा होणार आहे. जुन्या यंत्रांतल्या आज्ञावलीने याची सोय केलेली नसेल तर ती १०२४ आठवडे मागे पडतात. जागा काढण्यासाठी सेकंदाचे बारीक अंश लागतात, वर्ष कोणते याने त्यात सहसा फरक पडत नाही, म्हणून ठिकाण बरोबर येते.

उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या यंत्रासाठी सुधारित फर्मवेअर, म्हणजे यंत्रातली मूळ आज्ञावली, मिळते का, ते पाहावे; मिळाल्यास तारीख सुधारेल. मला अधिक काळजी नकाशाची वाटते. नव्याने शिकलेला चालक यंत्राच्या सांगण्यावर फार विसंबतो, आणि जुन्या नकाशात एकदिशा झालेले रस्ते अजूनही दुतर्फा असतात. त्या यंत्राला नवे नकाशे मिळणे बंद झाले असेल तर काकांचे आभार मानून ते परत करावे. बॅटरीमुळे पाठीमागचे झाकण किंचितही फुगलेले दिसत असेल, तर ते गाडीत ठेवूच नये.

प्रश्न : मेहुण्यांना आम्ही भेट दिलेले यंत्र त्यांच्या गाडीत जागा शोधायला दहा-दहा मिनिटे घेते. तेच यंत्र आमच्या गाडीत मिनिटभरात सुरू होते. त्यांना वाटते आम्ही सदोष वस्तू दिली. खरे काय असावे?

उत्तर : यंत्र निर्दोष दिसते, संशय त्यांच्या गाडीच्या काचेवर जातो. ऊन अडवण्यासाठी काही गाड्यांच्या समोरच्या काचेत धातूचा अतिशय पातळ थर दिलेला असतो, आणि उन्हाबरोबर तो उपग्रहांचे संदेशही अडवतो. आधीच ते संदेश फार क्षीण असतात. अशा काचेत बहुधा आरशाच्या आसपास थर नसलेला एक पट्टा सोडलेला असतो, बरेचदा तिथे बारीक ठिपक्यांची नक्षी दिसते. यंत्र त्या भागाजवळ नेऊन पाहावे किंवा बाहेरचा अँटेना जोडता येतो का, ते तपासावे. स्वस्त चार्जर किंवा यंत्राला खेटून लावलेला डॅशकॅम (रस्ता टिपणारा कॅमेरा) यांचाही अडथळा होतो, म्हणून एकदा दोन्ही काढून परीक्षा घ्यावी.

आणखी एक सवय त्यांना सांगावी. प्रत्येक उपग्रह आपल्या कक्षेचा नेमका तपशील ३० सेकंदांच्या हप्त्यांत पाठवतो आणि तो साधारण चार तास कामी येतो. यंत्र सुरू करताच गाडी झाडांखालून किंवा इमारतींमधून हाकली की हप्ता मध्येच तुटतो आणि पुढच्याची वाट पाहावी लागते. मोकळ्या जागी एखादे मिनिट थांबून मग निघावे.

प्रश्न : धाकटी बहीण नुकतीच गाडी शिकली आहे. बोगद्यात शिरले की तिच्या यंत्राचा बाण थांबतो, आणि उड्डाणपुलावर असताना यंत्र तिला खालच्या रस्त्याची वळणे सांगते. यंत्र बदलावे का?

उत्तर : बदलू नये, दुसरेही असेच वागेल. बोगद्यात आकाश दिसत नाही, आणि चाकांच्या फिरण्यावरून अंदाज बांधणारी सोय सहसा गाडीतच बसवून आलेल्या यंत्रांत असते, काढघाल करता येणाऱ्या यंत्रांत ती नसते. काही यंत्रे शेवटचा वेग धरून बाण पुढे सरकवत राहतात, पण तो अंदाजच असतो. पूल आणि त्याखालचा रस्ता नकाशावर एकावर एक येतात, आणि उंची मोजताना यंत्राची चूक जमिनीवरच्या अंतरापेक्षा जास्त असते, त्यामुळे आपण वर आहोत की खाली हे त्याला खात्रीने कळत नाही. बोगद्यात शिरण्यापूर्वी पुढचे वळण कोणते आणि बोगद्याच्या तोंडापासून किती अंतरावर आहे ते शेजारी बसलेल्याने मोठ्याने वाचून दाखवावे. ती एकटी असेल तर निघण्याआधी मार्गाची यादी उघडून बोगद्यानंतरची दोन वळणे पाहून घ्यावीत. पुलावर असताना यंत्र खालचे वळण सांगू लागले तर वेग कमी न करता सरळ जात राहावे. पूल उतरल्यावर काही सेकंदांत यंत्र पुन्हा मार्ग काढते.